खुंटीवरची चप्पल

कुष्ठरोगाची एक ओळ विदर्भातल्या खेड्यापाड्यांत भिंतीभिंतींवर रंगवलेली असते: न खाजणारा, न दुखणारा, बधिर चट्टा. ओळ खरी आहे. या रोगाचा चट्टा दुखत नाही, म्हणून माणूस दवाखान्यात येत नाही आणि उशीर होतो. पण वर्षानुवर्षं तीच ओळ वाचून आपण एक भलतीच गोष्टही पक्की करून टाकली, ती म्हणजे कुष्ठरोग दुखत नाही. रुग्णांनी ती पक्की केली आणि आम्हा काम करणाऱ्यांनीही. मग औषधं संपून दहा-बारा वर्षं झालेली एखादी बाई पाय जळतो म्हणाली, तर तो जळणारा पाय कुठल्या रकान्यात लिहायचा हेच कुणाला सुचत नाही.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. पूर्व विदर्भातल्या धानपट्ट्यात काम करते. हे प्रकरण एका बाईचं म्हणून लिहिलं असलं, तरी ओळख पटू नये म्हणून त्यात दोन-तीन जणींचे तपशील मिसळले आहेत. गाव आणि दवाखाने काढून टाकले आहेत. मी तिला मावशी म्हणायचे, इथंही तेच ठेवते.

मावशीची पहिली ओळख कार्डावरून. वय ५४, शेतमजुरी, घरची दोन एकर धानाची बांधी. सांसर्गिक प्रकारचा कुष्ठरोग, म्हणजे पाचपेक्षा जास्त चट्टे. बहुविध औषधोपचाराची बारा लाल पाकिटं २००९-१० मध्ये पूर्ण. उपचार चालू असताना आठव्या महिन्यात रिअॅक्शन आली, म्हणजे शरीर जंतूंवर उठून सूज आली. चट्टे लाल होऊन सुजले, उजवं पाऊल उचलेना. प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचा बारा आठवड्यांचा कोर्स झाला, पाऊल बरंचसं सुधारलं. उजव्या तळव्याची संवेदना मात्र गेली ती गेलीच. कार्डाच्या शेवटी शिक्का: उपचार पूर्ण, रोगमुक्त.

त्याखाली वर्षाला एक अशा नोंदी. ‘एमसीआर चप्पल दिली.’ पुढच्या वर्षी ‘चप्पल वापरत नाही, समजावून सांगितले.’ पुन्हा ‘चप्पल दिली’, पुन्हा ‘वापरत नाही, समजावून सांगितले’. यातल्या दोन नोंदी माझ्या हस्ताक्षरातल्या आहेत. एमसीआर म्हणजे बारीक छिद्रांचं मऊ रबर. बधिर तळव्याखाली त्याचा थर असला की वजन एका ठिकाणी न पडता पसरतं आणि जखमा टळतात. मावशीच्या उजव्या अंगठ्यामागे तळव्यावर जखम व्हायची, भरायची, पुन्हा उघडायची. चपला मात्र नव्याकोऱ्या, घरातल्या खुंटीला टांगलेल्या. मी एकदा घरी गेले तेव्हा तीन जोड ओळीनं दिसले. मला राग आला, हे कबूल करते. इतक्या खटपटीनं मिळवलेली चप्पल आणि ही बाई अनवाणी फिरते, एवढंच मला दिसलं.

उलगडा झाला तो डिसेंबरातल्या एका सकाळी, तोही योगायोगानं. जखमेभोवतीची कडक झालेली कातडी मी ब्लेडनं तासत होते. तळवा बधिर, त्यामुळे मावशी निवांत बसून शेजारणीशी बोलत होती. मी ट्रे घ्यायला वाकले आणि माझ्या ओढणीचं टोक तिच्या पावलाच्या वरच्या बाजूवरून सरकलं. मावशी किंचाळली आणि पाय पोटाशी ओढून घेतला. ब्लेडनं जिचा श्वास हलला नाही, ती ओढणीनं पांढरी पडली.

‘‘मावशी, इथं दुखतं?’’

‘‘दुखत नाही मॅडम, जयते.’’

आमच्या भागात ळ चा य होतो. जयते म्हणजे जळते. कार्डावर दर भेटीत एक प्रश्न असायचाच, ‘पाय दुखतो का?’, आणि मावशीचं उत्तर दर वेळी खरं होतं: नाही. दुखणं म्हणजे ठेच लागल्यावर होतं ते, दाढेत होतं ते, बाळंतपणात होतं ते. हे तसं नव्हतंच. हे जळणं होतं, चमकणं होतं. आम्ही चुकीच्या शब्दानं विचारत होतो आणि बरोबर उत्तर लिहून घेत होतो.

तिनं सांगितलेली गोष्ट

त्या दिवशी जखम बांधून झाल्यावर तासभर बसलो. सगळं तिच्या शब्दांत लिहून घेतलं.

आग सुरू झाली ती औषधं संपल्यावर साधारण दोन वर्षांनी. उजव्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूपासून पोटरीवरून उतरत पावलाच्या पाठीपर्यंत. दिवसा कामात कळत नाही, रात्री अंग टेकलं की सुरू होते. मधेच करंट मारल्यासारखी चमक गुडघ्यापासून बोटांपर्यंत जाते. मुंग्या तर कायमच. पावलावर गोधडी सहन होत नाही. थंडीतही उजवा पाय बाहेर. लुगड्याचा काठ पावलावर घासला तरी जीव जातो. चपलेचा पट्टा? तिनं माझ्याकडे नुसतं पाहिलं. पट्टा नेमका तिथंच बसतो.

पहिली दोन वर्षं तिनं कुणाला काही सांगितलं नाही, आणि त्याचं कारण ऐकून मी गप्प झाले. रिअॅक्शनच्या वेळी कुणीतरी तिला सांगितलं होतं की मुंग्या आल्या म्हणजे शीर जागी होते आहे. त्यात तथ्य आहे. सावरणाऱ्या नसेत मुंग्या येतात. मावशीनं तेवढं धरून ठेवलं. ‘‘मले वाटे, पायात जीव येऊन रायला.’’ आग जितकी वाढेल तितका पाय बरा होतोय, या समजुतीवर तिनं दोन वर्षं रात्री काढल्या. तळवा काही जागा झाला नाही.

मग दवाखाने सुरू झाले. गावातल्या डॉक्टरकडे डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाची इंजेक्शनं. दोन दिवस बरं वाटायचं, की बरं वाटल्यासारखं व्हायचं, तिलाही आता सांगता येत नाही. पुढे मेडिकलमधून त्याच गोळीच्या पट्ट्या, रोज दोन, जवळपास सहा वर्षं. एका ठिकाणी आजार पुन्हा उलटला म्हणून सहा महिने पुन्हा कुष्ठरोगाची पाकिटं. दुसऱ्या ठिकाणी शीर जाड लागली म्हणून प्रेडनिसोलोन. पुढच्या चार वर्षांत तोच कोर्स आणखी दोनदा. स्टेरॉइड चालू असताना पहिले काही दिवस आग कमी व्हायची, डोस उतरला की पुन्हा तीच. शेवटच्या कोर्सनंतर रक्तात साखर सापडली. कुणी म्हणालं कंबरेची शीर दबली, कुणी म्हणालं साखरेमुळे, आणि एका मोठ्या दवाखान्यात तिच्यासमोरच मुलाला सांगितलं गेलं की बधिर पाय दुखूच शकत नाही, आईच्या मनाचं काहीतरी आहे.

त्यानंतर तिनं सांगणं बंद केलं.

रात्रीचे उपाय तिचे तिनं शोधले होते. ओल्या पोत्यावर पाय ठेवून झोपायचं. न्हाणीच्या दगडावर बसून पायावर तांब्या-तांब्या पाणी सोडायचं, एकदा दोनदा नाही, रात्री चार-पाच वेळा. अंगणात अनवाणी फेऱ्या मारायच्या. जुलैतली रोवणी तिला आवडायची, कारण गुडघाभर गार चिखलात दिवसभर उभं राहिलं की आग निवायची. आता हे सगळं बधिर तळव्याच्या बाजूनं पाहा. सतत भिजलेली कातडी, अंधारात अनवाणी चालणं, चिखलातले काटे आणि खुंट. ज्या जखमेसाठी आम्ही पुन्हा पुन्हा चप्पल देत होतो, ती जखम आगीवरच्या उपायांमधून येत होती. चप्पल न घालण्याचं कारण आणि अनवाणी फिरण्याचं कारण एकच होतं, आणि कार्डावर ते हट्टीपणा म्हणून नोंदवलं गेलं होतं.

मुलगा बाहेर गेल्यावर ती हळूच म्हणाली, ‘‘पाय कापून टाका न मॅडम. सुटतो एकदाची.’’ ती हे रागानं म्हणत नव्हती. तिनं खर्चाचीही चौकशी करून ठेवली होती. पाय कापल्यावरही नसलेल्या पायात आग होत राहू शकते, हे तिला त्या दिवशी सांगावं की नाही हे मला कळेना. पुढच्या भेटीत सांगितलं.

आग कुठून येते, हे शोधताना

अशा रुग्णात पहिला प्रश्न असतो तो नस आत्ता बिघडते आहे का. कुष्ठरोगाचे जंतू मेल्यावरही त्यांचे अवशेष नसांत वर्षानुवर्षं राहू शकतात, आणि शरीर त्यांच्यावर उठलं की रिअॅक्शन येते, नस सुजते. ती ताजी सूज असेल तर स्टेरॉइड लागतंच आणि उशीर केला तर हातपाय जातो. म्हणून जुनं कार्ड सोन्यासारखं. मावशीच्या कार्डावर २०१० ची स्नायूंची ताकद आणि संवेदनेची आकृती होती. उजवं पाऊल वर उचलण्याची ताकद तेव्हा ‘कमजोर’, आताही तेवढीच कमजोर. तळव्यावर नायलॉनच्या तंतूनं तपासलं. तेव्हा जिथं कळत नव्हतं तिथंच आता कळत नव्हतं, नवीन भाग गेलेला नव्हता. गुडघ्याच्या बाहेर हाडाच्या मानेवरून वळणारी लॅटरल पॉप्लिटिअल नस बोटाखाली सुतळीसारखी जाड लागली. घोट्यामागची पोस्टिरिअर टिबिअलही जाड. दाबल्यावर थोडं दुखलं, पण जुन्या नोंदीतही तसंच लिहिलेलं होतं. सहा महिन्यांत नवीन काही बिघडलेलं नाही, म्हणजे ही ताजी सूज नव्हे. स्टेरॉइडची गरज नव्हती. मधले तीन कोर्स कशासाठी दिले, याचं उत्तर त्या कागदांवर तरी मिळत नाही.

रोग उलटला का? नवा चट्टा नाही, कानाची पाळी जाड नाही, कातडीचा स्मिअर निगेटिव्ह, म्हणजे नमुन्यात जंतू नाहीत. नाही.

कंबर? हा प्रश्न सोपा नव्हता. पोटरीची बाहेरची बाजू आणि पावलाची पाठ, हा कंबरेच्या पाचव्या मणक्यातून येणाऱ्या मुळाचाही इलाका आहे, आणि त्या मुळावर दाब आला तरी पाऊल पडतं. म्हणून मावशीला यापूर्वी कंबरेचा पट्टाही मिळाला होता. फरक ओळखायची एक साधी खूण आहे. पाऊल आत वळवणारा स्नायू पाचव्या मुळाचाच, पण त्याची नस गुडघ्याच्या बाहेरून जात नाही. कंबरेत दाब असेल तर तोही ढिला पडतो. मावशी पाऊल आत वळवताना माझा हात ढकलून देत होती. सरळ पाय उचलताना कळ नाही, कंबर दुखत नाही. उलट गुडघ्याजवळच्या जाड नसेवर बोटानं टिचकी मारली की करंट थेट बोटांपर्यंत. कंबरेचा संशय फिटला.

साखरेमुळेही पाय जळतात, आणि आपल्याकडे ते फार दिसतं. पण साखरेची आग दोन्ही पायांत, बोटांकडून वर चढते, मोजे घातल्यासारखी. मावशीचा डावा पाय शांत होता. एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचं माप, ७.४ आलं; उपचार हवेतच, पण ही आग साखरेची नव्हे. बी-१२ तपासलं, ठीक होतं. किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन मात्र १.३ आलं, किंचित वर. सहा वर्षांच्या डायक्लोफेनॅककडे बोट दाखवायला तेवढं पुरे होतं. सोनोग्राफीत नस जाड दिसली, पण आत पू साचलेला नव्हता. तो असता तर शस्त्रक्रियेचा विचार करावा लागला असता.

नसेच्या दुखण्यासाठी दहा प्रश्नांची डीएन-फोर नावाची यादी आहे; सात प्रश्न रुग्णाला विचारायचे, तीन गोष्टी तपासून पाहायच्या. दहापैकी चार किंवा जास्त आले तर दुखणं नसेचं धरतात. आग, करंट, मुंग्या, बधिरपणा, त्या भागात स्पर्श कमी कळणं, टोचणं कमी कळणं आणि ब्रश फिरवल्यावर वेदना: मावशीचे सात आले. यादी विचारताना एक अडचण येते. त्यात मुंग्या आणि सुया टोचल्यासारखं वाटणं हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आमच्याकडे दोन्हीला लोक ‘झिनझिन्या’ नाहीतर ‘मुंग्या’च म्हणतात. मी एकच गुण धरला.

बधिर आणि जळणारा, एकाच वेळी

मोठ्या दवाखान्यातल्या त्या वाक्याचं उत्तर मावशीच्या मुलाला द्यायचं होतं. मी त्याला विजेच्या तारेचं उदाहरण दिलं, कारण तो वायरमनच्या हाताखाली काम करतो. नस म्हणजे एक तार नव्हे, हजारो बारीक तारांचा जुडगा. कुष्ठरोगाचे जंतू या तारांवर वेष्टण घालणाऱ्या पेशींत घर करतात, तेही शरीराच्या गार, कातडीजवळच्या भागात; म्हणून कोपरापाशी, गुडघ्याबाहेर, घोट्यामागे. शरीर जंतूंवर धावून जातं त्या मारामारीत तारा तुटतात. तळव्याच्या नसेतल्या तारा जवळपास सगळ्या गेल्या, तिथं शांतता. पावलाच्या पाठीच्या नसेतल्या अर्ध्या गेल्या, अर्ध्या अर्धवट राहिल्या. या अर्धवट तारा घातक. वेष्टण गेलेली, टोकं उघडी पडलेली तार कुणी बटण दाबलं नाही तरी ठिणग्या सोडते. आणि वर्षानुवर्षं ठिणग्या येत राहिल्या की पाठीच्या कण्यातला गडी इतका हबकतो की साध्या स्पर्शालाही आग म्हणून वर कळवतो. म्हणून ब्लेड कळत नाही आणि ओढणी जाळते. जागा वेगळ्या, नसा वेगळ्या.

‘‘म्हणजे लाईन गेलेल्या घरात शॉक लागतो तसं,’’ तो म्हणाला. मला यापेक्षा चांगलं सांगता आलं नसतं.

डायक्लोफेनॅक का चाललं नाही तेही यातूनच कळतं. ती गोळी सुजेवर काम करते, उघड्या तारेवर नाही.

हे काही मावशीपुरतं नाही. मुंबईत उपचार पूर्ण झालेल्या १०१ कुष्ठरुग्णांना याच यादीनं तपासलं होतं, त्याचा अहवाल २०११ मध्ये आला. त्यातल्या २२ जणांना नसेचं दुखणं होतं. पाचातला एक. मनावरचा ताणही या बावीस जणांत इतरांपेक्षा कितीतरी जास्त सापडला. भारतानं कुष्ठरोगाचं निर्मूलन, म्हणजे दहा हजारांत एकापेक्षा कमी रुग्ण, डिसेंबर २००५ मध्ये गाठलं. तो आकडा औषध चालू असलेल्या रुग्णांचा असतो. बारावं पाकीट संपलं की माणूस त्या मोजणीतून बाहेर पडतो, जळणारा पाय घेऊन. विकृतीची श्रेणी शून्य, एक, दोन अशी लावतात. संवेदना गेली तर एक, दिसणारी विकृती असेल तर दोन. नुसत्या दुखण्याला त्यात जागा नाही. हातपाय शाबूत असलेला माणूस रात्रभर जळत असला तरी कागदावर शून्य. आमच्या कार्डावर नस दाबल्यावर दुखते का याला रकाना आहे, न दाबता दुखते का याला नाही.

उपचार, आणि मधला घोळ

वैद्यकीय अधिकाऱ्यांनी अॅमिट्रिप्टिलीन सुरू केलं. हृदयाचा आलेख काढला, काचबिंदू नाही ना ते विचारलं. दहा मिलिग्रॅमनं सुरुवात करायची होती. औषधालयात पंचवीसचीच गोळी होती, म्हणून अर्धी, रात्री जेवणानंतर. डायक्लोफेनॅक पूर्ण बंद. साखरेसाठी मेटफॉर्मिन. पाचव्या दिवशी मावशी आली ती तोंड कोरडं पडतं अशी तक्रार घेऊन, आणि जाता जाता दारातून म्हणाली की काल सलग चार तास झोपली. दोन आठवड्यांनी पूर्ण गोळी.

आणि मग ती येईनाशी झाली.

दोन महिन्यांनी आशाताई तिला घेऊन आल्या. तळव्याची जखम पुन्हा उघडलेली, आग पहिल्यासारखी. गोळी संपल्यावर तिनं मुलाला मेडिकलमध्ये पाठवलं होतं. तिथं काउंटरवरच्या पोरानं विचारलं, ‘‘ही तर डिप्रेशनची गोळी, घरी कोणाले वेड लागलं का?’’ मुलानं मोबाइलवर पाहिलं, तिथंही तेच. मावशीला वाटलं, तोंडावर गोड बोलून आम्हीही तिला वेडीच ठरवलं.

चूक आमची. जिला एकदा ‘मनाचं आहे’ म्हणून परत पाठवलं होतं, तिच्या हातात ही गोळी न सांगता देणं म्हणजे तेच वाक्य पुन्हा सुनावणं. औषध मूळचं नैराश्यावरचं आहे, पण त्याच्या कितीतरी कमी डोसात ते पाठीच्या कण्यातल्या त्या हबकलेल्या गड्याला शांत करतं. अॅस्पिरिन तापावर आणि हृदयावर दोन्हीकडे देतात तसंच. एवढं बोलायला तीन मिनिटं लागतात. तेव्हापासून ही तीन मिनिटं मी पहिल्याच दिवशी, घरातल्या कुणाला तरी समोर बसवून खर्च करते.

गोळी पुन्हा सुरू झाली. पंचवीसवर आग दहापैकी नऊवरून सहावर आली. पन्नासला चढवल्यावर सकाळी डोकं जड राहायचं आणि ती धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, तोल जाऊन पडली, म्हणून पुन्हा पंचवीस. जोडीला नसेच्या दुखण्यावरचंच गॅबापेंटिन ३०० रात्री, मग हळूहळू दिवसातून दोनदा. क्रिएटिनिन पाहता त्याहून पुढे जायची घाई केली नाही. ही औषधं आग विझवत नाहीत हे आधीच सांगितलं होतं. आम्ही दोघींनी ठरवलेलं माप वेगळं होतं: रात्री न्हाणीवर किती वेळा जावं लागलं. घरच्या कॅलेंडरवर सून रेघा मारायची. महिन्याभरात पाचाच्या दोन झाल्या, तिसऱ्या महिन्यात पुष्कळ रात्री कोऱ्या.

सुनेचा विषय निघालाच आहे तर, तिला लग्नाच्या सात वर्षांत सासूच्या आजाराचं नाव माहीत नव्हतं. जुनं कार्ड लोखंडी पेटीत लुगड्यांखाली होतं. ते बाहेर काढायचा निर्णय मावशीचा होता, माझा नव्हे, आणि मी तिला तसं करायला सुचवलंही नव्हतं. सून दोन दिवस अबोल राहिली म्हणे. तिसऱ्या दिवशी कॅलेंडर तिनं स्वतःच खुंटीवरून उतरवलं.

आता चप्पल. माझं खरं काम इथं सुरू झालं, आणि ते मी कितीतरी आधी करायला हवं होतं. मावशीच्या पायावर मी पेननं नकाशा काढला: पट्टा सहन न होणारी जागा, त्याच्या कडेची बरी जागा, बधिर जागा. लक्षात आलं की तिला सरकणारा हलका स्पर्श सोसत नाही. तळहात घट्ट आणि स्थिर ठेवला तर चालतो. एमसीआरच्या चपलेचा पट्टा चालताना दर पावलाला थोडा सरकतो, ओढणीसारखा. म्हणजे पट्टा सैल करणं हा उलटा उपाय झाला असता, आणि यापूर्वी मी तोच केला होता. आता सुती, अंगाशी बसणारा, बिनशिवणीचा मोजा आधी घातला. त्यानं फिरता स्पर्श बंद होऊन सगळीकडे सारखा दाब आला. चांभारदादांनी पुढचा पट्टा बोटांच्या मुळाकडे सरकवला, आतून मऊ अस्तर लावलं, चिकटपट्टी बसवली आणि टाचेमागे एक पट्टा दिला, म्हणजे चप्पल पायाबरोबर हलेल, पायावर घासणार नाही. मोज्यात एक धोका असतो. आत खडा गेला तर बधिर पायाला कळत नाही. म्हणून मोजा पांढराच, रक्ताचा डाग लगेच दिसावा. आणि संध्याकाळी उलटा करून झटकायचा.

रोज पाच मिनिटं मऊ कापडानं त्या जागेच्या कडेकडून आत, सोसेल तेवढं फिरवायचं, असा सरावही दिला. मावशी तो करते असं सांगते. मला शंका आहे.

पाणी-तेलाची सवय तिला होतीच: पाय वीस मिनिटं पाण्यात, खरखरीत दगडानं कडक कातडी घासायची, ओला असतानाच तेल. फक्त आता ते संध्याकाळी एकदाच, रात्रभर नाही. तळव्याची जखम, पायावरचा भार कमी ठेवून, सात आठवड्यांत भरली.

दिव्यांगांच्या २०१६ च्या कायद्यात कुष्ठरोगमुक्त व्यक्तीचा स्वतंत्र उल्लेख आहे, म्हणून तिच्या प्रमाणपत्रासाठीही आम्ही गेलो. पाऊल किती उचलतं, जखम आहे का, एवढं पाहिलं गेलं. झोपेबद्दल कुणी विचारलं नाही. टक्केवारी कमी आली. पुन्हा अर्ज केलेला आहे.

आजची स्थिती

डिसेंबरातल्या त्या सकाळपासून चौदा महिने झाले. आग दहापैकी तीन-चार. कडाक्याच्या थंडीत सहापर्यंत जाते, तेव्हा गॅबापेंटिन तात्पुरतं वाढवावं लागतं. साखर आटोक्यात, क्रिएटिनिन १.२. दर तीन महिन्यांनी स्नायू आणि संवेदना कार्डाशी ताडून पाहते, कारण एक भीती कायम असते: खरीखुरी रिअॅक्शन आली तर ‘ही जुनीच आग’ म्हणून आपण तीही सोडून द्यायचो. मावशीला तीन गोष्टी पाठ करून दिल्यात. पाऊल पूर्वीपेक्षा कमी उचललं गेलं, नवीन जागा बधिर झाली, किंवा चट्टा लाल होऊन सुजला, तर वाट न पाहता त्याच दिवशी यायचं.

कार्डावर समासात मी पेन्सिलीनं एक ओळ आखून घेतली आहे: जळतं का, चमकतं का, रात्री कपडा सहन होतो का. अधिकृत नाही. पण तेव्हापासून माझ्या यादीतले आणखी चार जण सापडले, त्यातले दोघं माझ्याकडे आठ वर्षांपासून येत होते. एकानं तर मी विचारल्यावर उलट मलाच विचारलं, ‘‘हे सांगाचं असते का?’’

मावशीचं सध्याचं भांडण रोवणीवरून आहे. गेल्या जुलैत मी तिला बांधीत उतरू दिलं नाही. यंदा ती ऐकायला तयार नाही. मजुरी बुडते, आणि चिखलात पायाला आजही बरं वाटतं. गमबूट आणून पाहिले. चिखलात दुसऱ्याच पावलाला बूट खाली राहिला आणि मावशी वर आली. धुऱ्यावर बसून पेंढ्या फेकायचं काम घ्यावं, असं सून म्हणते. त्याला मजुरी कमी.